देव शेवटी निघतात

"माझे देव कुठायत?"

सुलभाबाईंचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून थेट खाली ट्रकपर्यंत पोचला. जिन्यातून फ्रिज उतरवणारे दोघे हमाल जागच्या जागी थबकले. फ्रिज मधल्यामध्ये, आणि वरून बाईंचं रडणं.

बेंगळुरूच्या राजाजीनगरातलं निरगुडकरांचं घर विकलं गेलं होतं. संध्याकाळी किल्ल्या नव्या मालकाच्या हातात द्यायच्या होत्या. सामान ट्रकनं पुण्याला जाणार, आणि पद्माकरराव, सुलभाबाई नि मुलगा अमित गाडीनं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. भांडी खोक्यांत गेली होती, पडदे उतरले होते, भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. हॉलच्या कोपऱ्यातलं लाकडी देवघर तेवढं कुणी हलवलं नव्हतं. घर बदलताना देव शेवटी निघतात आणि घरातल्या बाईच्या मांडीवर बसून जातात, ही सुलभाबाईंच्या सासरची रीत. त्यासाठी तांदूळ घातलेला पितळी डबा देवघरापाशी तयार होता.

डबा होता, देव नव्हते. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले खंडोबाचे आणि भवानीचे टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, सगळेच्या सगळे नाहीसे झाले होते.

"सासूबाईंनी मरताना माझ्या ओंजळीत दिले होते हो," सुलभाबाई उघड्या फरशीवर बसूनच सांगत होत्या. "घर सोडायच्या दिवशी देवच आम्हाला सोडून गेले. आता याचा अर्थ काय समजायचा मी? देव मिळाल्याशिवाय मी इथून उठणार नाही. ट्रक जाऊ दे नाहीतर राहू दे."

"आई, अर्थबिर्थ काही नाही, सिंपल चोरी आहे." अमितनं ट्रकची किल्ली केव्हाच काढून घेतली होती. आता तो पॅकिंगवाल्यांचा मुकादम नागराज याच्यासमोर उभा होता. "लास्ट टाइम विचारतोय. नाहीतर पोलिसांना कॉल करतो."

"सर, माँ की कसम, हमने छुआ भी नहीं." नागराजचा चेहरा उतरला होता. "पोलीस आया तो कंपनी मुझे कल से काम पे नहीं रखेगी. चोर का नाम लग गया तो कौन रखेगा, सर?"

"पोलीस नको," पद्माकरराव खिडकीपाशी उभ्या उभ्या म्हणाले.

"अहो, नको काय? देव गेलेत माझे!"

पद्माकररावांनी हातातल्या फोनकडे पाहिलं.

समोरचं दार उघडून भाग्यलक्ष्मी शिंदे आल्या त्या याच वेळी. त्यांचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांपासून होतं की मूळ गाव कुठलं हे विचारलं तर त्या "याच गावचं" म्हणून सांगायच्या. त्यांच्या मराठीत कानडी असं मुरलं होतं की वेगळं काढणं अवघड. नोकरी झाली पोलिसात. सब-इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाल्या. पण खाकी उतरली तरी सवय उतरली नव्हती. शेजारणीकडे विरजण मागायचं तरी जबाब घेतल्यासारखं मागत.

"अमित, फोन खिशात ठेव. नागराज, तू इथंच बस. कुणी खाली जायचं नाही." त्यांनी सुलभाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "सुलभक्का, स्वल्प श्वास घ्या. मला सांगा, देव शेवटचे कधी पाहिलात?"

"सकाळी पूजा केली तेव्हा. स्नान घातलं, हळदकुंकू लावलं, जास्वंदी वाहिली. या घरातली शेवटची पूजा म्हणून भरपूर वाहिली."

"मग?"

"मग निरोप घ्यायला निघाले. आधी तुमच्याकडे आले, नंतर खालच्या मजल्यांवर. सगळीकडे चहा घ्यावा लागला. परत येऊन बघते तर हे असं."

"तेव्हा घरात कोण कोण होतं?"

"हे होते. आणि पॅकिंगवाले."

भाग्यलक्ष्मी देवघरासमोर खाली बसल्या. आत देवांखालचं लाल वस्त्र नीट पसरलेलं होतं. घंटा होती, समई होती, उदबत्तीचं घर होतं. त्यांनी निरांजन उचलून हातात तोललं.

"हे चांदीचं?"

"हो. माझ्या माहेरचं."

"देवांपेक्षा जड आहे की हो."

"आहे खरं. टाक अगदी पातळ पत्र्याचे."

"घाईत राहिलं असेल," अमित म्हणाला.

"राहिलं असेल," भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. पण त्यांनी निरांजन जिथल्या तिथं ठेवलं ते जरा सावकाश. मग विचारलं, "फुलं कुठं आहेत?"

फुलं खरोखरच नव्हती. देवघरात नव्हती, खाली पडलेली नव्हती. भाग्यलक्ष्मी उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथं आता ओटा, बंद केलेली खोकी आणि कचऱ्याची एक काळी पिशवी एवढंच उरलं होतं. पिशवीत अगदी वरच जास्वंदीची फुलं पडली होती. ताजी होती, एकाचीही पाकळी दुमडलेली नव्हती.

"सुलभक्का, निर्माल्य तुम्ही कुठं टाकता?"

"तुळशीत. आणखी कुठं टाकायचं?"

"आणि तुळस?"

"ती काय, बाल्कनीत. ती पण गाडीतूनच यायची आहे."

"सरी, ठीक आहे," म्हणून भाग्यलक्ष्मी नागराजकडे वळल्या. त्याच्याशी त्या कानडीत बोलल्या आणि त्यालाही जरा धीर आला. खरं बोलणारा माणूस स्वतःच्या भाषेत चटकन मोकळा होतो, असा त्यांचा अनुभव होता. खोटं बोलणारा कुठल्याही भाषेत अडखळत नाही, हाही.

"देवघराला हात कुणी लावला?"

"कुणीच नाही, मॅडम. तो कोपरा सोडायचा असं अम्मांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आम्ही आतली खोली बांधत होतो."

"स्वयंपाकघर कुणी बांधलं?"

"आम्हीच. थोडं सरांनी. अम्मांना जड उचलायचं नाही ना. काखेतली गाठ काढलीय म्हणाले. म्हणून सर स्वतः करत होते."

"काही वावगं दिसलं?"

नागराजनं आठवून पाहिलं. "वावगं असं नाही. माझ्या पोरांना प्यायला पाणी मिळालं नाही. सकाळी नवा कॅन लावलेला मी स्वतः पाहिला होता, नंतर बघतो तर बराच रिकामा. पोरं चिडली. आणि सरांनी कुकर दिला नाही."

"म्हणजे?"

"मी खोक्यात घालायला गेलो तर म्हणाले, हा गाडीतून येईल. टीव्ही ट्रकमधून, काचसामान ट्रकमधून, आणि कुकर गाडीतून! मला हसू आलं. पण गिऱ्हाईकाचं मन, आपण काय बोलणार?"

हॉलमध्ये सुलभाबाई आता रडतही नव्हत्या. त्या रिकाम्या देवघराकडे नुसत्या बघत होत्या, आणि ते रडण्याहून वाईट होतं. खालून ट्रक ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

भाग्यलक्ष्मींनी अमितला बाल्कनीत नेलं.

"पुण्याच्या घरी देवघराला जागा नाही म्हणे?"

अमित चपापला. "आईनं सांगितलं? अहो, मी म्हटलं होतं की छोटं मंदिर घेऊ, हे एवढं मोठं मावणार नाही. त्याचा अर्थ मी देव गायब करीन असा नाही ना! आईची हालत बघताय तुम्ही."

"आई निरोप घ्यायला गेली तेव्हा तू कुठं होतास?"

"पंक्चरवाल्याकडे. आई जायच्या आधीच मी गाडी घेऊन निघालो. परत आलो तो तिच्या किंचाळण्याच्या जस्ट आधी. बाबा खाली येऊन सामान ठेवून गेले गाडीत, तेवढ्यात हे झालं."

"पंक्चरवाला सांगेल असं?"

"विचारा ना त्याला. कोपऱ्यावरच आहे."

भाग्यलक्ष्मींनी बाल्कनीतून वाकून कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हाक मारली, कानडीत दोन प्रश्न विचारले आणि मान हलवली. अमित खरं बोलत होता.

उरले पद्माकरराव. सरकारी विमान कारखान्यात त्यांची सगळी नोकरी विमानांच्या इंधनाच्या टाक्या गळतात का ते तपासण्यात गेली. देवाला त्यांनी कधी हात जोडले नाहीत. 'तुझे देव मला दिसत नाहीत, शिरा तेवढा दिसतो,' असं म्हणून ते प्रसाद दोनदा घ्यायचे. माणूस नियमाचा पक्का. एकदा गच्चीवरची नळाची तोटी चोरीला गेली, तर तक्रार नोंदवून घेईपर्यंत हे ठाण्यातल्या बाकावरून उठले नव्हते. सबंध इमारतीनं तेव्हा त्यांची टिंगल केली होती.

"अण्णा, पोलीस का नको?"

"वेळ जाईल. संध्याकाळी किल्ल्या द्यायच्यात."

"एका तोटीसाठी तुम्ही अख्खा दिवस घालवला होता."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"नागराजनं घेतले असं वाटतं तुम्हाला?"

"नाही," ते पटकन म्हणाले. मग सावरून घेतलं, "म्हणजे पुराव्याशिवाय कसं म्हणायचं?"

"नखांत काय अडकलंय?"

त्यांनी हात मागे नेला. "एम-सील. बाथरूमचा नळ गळत होता."

"घर विकलं की हो तुम्ही."

"सवय असते एकेक."

"कुणाचा फोन येणार आहे?"

"कुणाचा नाही," म्हणताना त्यांनी पुन्हा फोनकडे पाहिलं.

भाग्यलक्ष्मी जिना उतरल्या. गाडी फाटकाशी उभी होती. मागच्या सीटवर उशा, पाण्याच्या बाटल्या, औषधांची पिशवी, आणि खिडकीपाशी स्टीलचा प्रेशर कुकर. त्याला सीटबेल्ट लावला होता. लहान मुलाला बसवावं तसा तो बसला होता. एरवी त्या हसल्या असत्या. पण कुकरखालचं सीटकव्हर थोडंसं ओलं होतं. त्यांनी बोट लावलं. बोटाला तांबूस पाणी लागलं.

कुकर त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. चांगलाच जड होता. तो जराही कलू न देता त्या तिन्ही जिने चढून वर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. कुकर त्यांनी सुलभाबाईंसमोर फरशीवर ठेवला.

"अण्णा, हा उघडा."

पद्माकरराव जागचे हलले नाहीत.

"कुकर काय उघडायचाय आत्ता?" सुलभाबाई वैतागून म्हणाल्या. "भाग्यलक्ष्मीबाई, मी देव शोधतेय."

"मीबी तेच शोधते, अक्का. ऐका." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "चोर असता तर निरांजन सोडलं नसतं. सगळ्यात जड चांदी तीच, आणि डोळ्यासमोर. म्हणजे देव चांदीसाठी गेले नाहीत, देव म्हणून गेले. नागराज आणि त्याची पोरं सुटली इथंच."

नागराजनं दोन्ही हात जोडले. अमितनं मान खाली घातली.

"मग फुलं. चोराला कुठली फुलं काढायची सवड? हिसडून घेतले असते, पाकळ्यांचा सडा पडला असता. इथं एकेक फूल अलगद काढलंय. म्हणजे हात मायेचा. पण ती फुलं गेली कचऱ्यात! पूजा करणारं माणूस मेलं तरी निर्माल्य कचऱ्यात टाकत नाही. तुळस चार पावलांवर होती. म्हणजे ज्यानं देव नेले त्याला देवांची काळजी होती, पण रीत ठाऊक नव्हती. असं माणूस घरातलंच. अमित तेव्हा पंक्चरवाल्याकडे बसला होता."

सुलभाबाईंनी हळूहळू नवऱ्याकडे मान वळवली.

"पिण्याचा कॅन रिकामा झाला, आणि पोरांना तर एक घोट मिळाला नाही. मग पाणी गेलं कुठं? घरातलं प्रत्येक भांडं खोक्यात बंद. एकच भांडं बाहेर राहिलं. अक्का, गाडीतून कुकर कोण नेतं? आणि तोही बेल्ट लावून? झाकणाला रबर असतं म्हणून पाणी हिंदकळून सांडत नाही. शिट्टी काढून तिथलं भोक एम-सीलनं बुजवलंय, हे बघा. जन्मभर विमानाच्या टाक्या बुजवल्या त्यांनी, त्यांना कुकर काय अवघड? पण घाईत सुकायला वेळ दिला नाही, थोडं झिरपलं. आणि हळदकुंकू पुसायचं असतं हेबी त्यांना माहीत नव्हतं. म्हणून झिरपलं ते लाल."

अमितनं पुढे होऊन झाकण सरकवून काढलं. आत लालसर पाण्याच्या तळाशी खंडोबा होता, भवानी होती, अन्नपूर्णा होती. बाळकृष्ण कुशीवर पडला होता.

सुलभाबाईंनी हुंदका दिला, आणि त्या आनंदाच्या हुंदक्यातच त्यांना रागही आला. "अहो, थट्टा करायला हाच दिवस मिळाला? मी जीव द्यायची बाकी राहिले होते!"

"थट्टा नाही, अक्का," भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. "आमच्या घरीबी ठेवतात देव पाण्यात. काही अडलं, माणसाच्या हातचे सगळे उपाय संपले की ठेवतात. ते काम झाल्याशिवाय देवांना बाहेर काढत नाहीत. अण्णांना वाटलं असेल, तुम्ही परत येईपर्यंत काय ते कळेल, देव गुपचूप जागेवर ठेवू. पण कळलंच नाही, आणि घर तर सोडायचं होतं. म्हणून झाकण लावून देव पाण्यासकट गाडीत नेले. तोवर तुम्ही ओरडलात, अमितनं नागराजला धरलं, आणि अण्णांना तोंड उघडता येईना. कारण देव का ठेवले ते सांगावं लागलं असतं. मघापासून ते फोन बघतायत. आणि या घरात जड उचलायची मनाई आहे ती..."

इथं त्या थांबल्या. पुढचं वाक्य ओठांवर आलं होतं. पोलिसात असताना कितीतरी गुन्हेगारांच्या तोंडावर त्यांनी असं शेवटचं वाक्य न कचरता म्हटलं होतं. आज ते म्हणायचं नाही, हे त्यांना फार उशिरा कळलं. वर आणण्याऐवजी कुकर गाडीतच का नाही राहू दिला, असं त्यांच्या मनात आलं.

खालचा हॉर्न थांबला होता.

"माझ्यासाठी?" सुलभाबाई म्हणाल्या.

पद्माकरराव खिडकी सोडून आले आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कित्येक वर्षांत खाली बसले नव्हते.

"तुम्ही तर म्हणालात साधी गाठ आहे. रिपोर्ट चांगला आला म्हणालात."

"चांगला नव्हता."

"बाबा!" अमित म्हणाला.

"इथले डॉक्टर म्हणाले, वाईट वाटतंय, पण खात्री नाही. तपासायला मुंबईला पाठवलंय. आज कळवतो म्हणाले." त्यांनी हातातला फोन खिशात ठेवला. "सुलभा, मी सगळं वाचून काढलं. दहा डॉक्टरांना विचारलं. आकडे मांडले. माझ्या हातात काही म्हणजे काही राहिलं नव्हतं गं. सकाळी तू फुलं वाहत होतीस आणि मी बघत होतो. तू खाली गेलीस तेव्हा आठवलं, आई असं काहीतरी करायची. देव पाण्यात ठेवायची. बाकी मला काही येत नाही. मंत्र येत नाही. पाणी तेवढं चांगलं घेतलं, प्यायचं."

"आणि त्या माणसाला चोर ठरू देत होतात?"

ते नागराजकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं. फार चुकलं." नागराजला मराठी जेमतेम कळायचं, पण एवढं कळलं. अमितनं ट्रकची किल्ली त्याच्या हातात दिली आणि "सॉरी, बॉस" म्हणताना त्याच्याकडे बघायचं टाळलं. नागराज माणसांना घेऊन निमूटपणे बाहेर पडला.

सुलभाबाईंनी पाण्यात हात घातला. भाग्यलक्ष्मींना वाटलं, त्या देव बाहेर काढणार. पण त्यांनी कुशीवर पडलेल्या बाळकृष्णाला नुसतं सरळ बसवलं आणि हात पदराला पुसला.

"देव नेलेत ते नेलेत," त्या म्हणाल्या. "माझं दुखणं माझ्यापासून कशाला पळवलंत? ते तरी माझं होतं ना? एवढे दिवस तुम्ही एकटे घेऊन हिंडत होतात, आणि मी वेडी वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत बसले."

"तुला झेपलं नसतं."

"आणि तुम्हाला झेपलं?"

पद्माकररावांनी तोंडावर हात घेतला. त्यांचे खांदे हलायला लागले. अमित बापाला असं पहिल्यांदा बघत होता. काय करावं ते त्याला सुचेना. भाग्यलक्ष्मी उठल्या. आता आपण इथं असायला नको हे त्यांना कळत होतं, पण पाय निघत नव्हता.

फोन वाजला.

पद्माकररावांच्या खिशात वाजत होता. त्यांनी तो बाहेर काढला, नंबर पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कुणाचा फोन ते सगळ्यांना समजलं. नेहमीप्रमाणे उठून बाजूला जायला म्हणून त्यांनी फरशीवर हात टेकला.

सुलभाबाईंनी तो हात धरून ठेवला. दुसऱ्या हातानं त्यांच्या बोटांतून फोन सोडवून घेतला आणि कानाला लावला.

"नाही, मिस्टर निरगुडकर नाहीत. मी सुलभा निरगुडकर," त्या म्हणाल्या. "पेशंट मीच आहे. जे असेल ते मला सांगा."